चौसष्ट घरांतलं पापलेट

सत्त्याऐंशी साली दहिसरच्या आमच्या चाळीत टीव्हीच्या काचेआड पापलेट पोहायला लागलं, आणि ते तिथे सोडणारा मी, गुणाजी. खोटं वाटत असेल तर समोरच्या द्रौपदीआजीला विचारा. ती वर गेली, त्याला मी काय करू?

शेजारची नीला अंधेरीला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कामाला होती. वांद्र्याच्या एका कंपनीने तिला खेळ रचून बघ म्हणून घरी कॉम्प्युटर दिला होता, टाइपरायटरची चपटी बहीण शोभावी असा. तो टीव्हीला जोडायचा. त्यावर तिने वर्षभर खपून एक खेळ रचला. वरून चौकोन पडतात, ते डावीउजवीकडे सरकवायचे, तीन सारखे शेजारी आले की गायब. लाल, हिरवे, निळे, पिवळे चौकोन. कंपनीच्या रंगीत टीव्हीवर साहेबांना तो आवडला, पण त्यांनी अट घातली: "रविवारी सकाळी तुमच्या घरच्या टीव्हीवर बघतो. काही न सांगता कुणाला खेळ कळला, तर तो आमच्या मशीनबरोबर विकू. नाहीतर मशीन परत नेतो."

आता नीलाच्या घरचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. चारही रंग एकाच चुलीतली राख!

गुरुवारी पोरगी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. "वाट लागली काका. रंग दिसत नाहीत, आणि चित्रं काढायला जागा नाही. एका चित्राला आठ आडवी, आठ उभी, चौसष्ट घरं. काय मावणार त्यात?"

मला हसूच आलं. मी मिलच्या डिझाइन खात्यात बावीस वर्षं काढलेली. साडीचा प्रत्येक काठ आधी चौकटीच्या कागदावर मांडायचा, एक घर म्हणजे एक धागा. मी एकदा अकरा घरांत मोर बसवला होता. ती साडी नेसलेली बाई आभाळ भरून आलं की आपोआप गिरकी घ्यायची, अशी तक्रार चार गावांतून आली होती. संप झाला, मिलने मला घरी बसवलं, पण हात थोडाच घरी बसतो?

"कागद आण," म्हटलं. "चौकोन नकोत. मासे पाडू."

पापलेट, बांगडा, कोळंबी, आणि कुर्ली, म्हणजे आपला खेकडा. मी खवले काढले, कल्ले काढले, कोळंबीला तर मिशाही काढल्या. शुक्रवारी नीलाने त्या रेघांवरून स्वतः घरं भरून ते टीव्हीवर आणलं. आमची वनमाला हातातली विळी तशीच घेऊन बघायला आली.

"अहो, हा सुका जवळा कुणी सांडला?"

"अगं, बांगडा आहे तो!"

"मी बाजारात बांगड्याचे खवले मोजत बसते होय? लांबूनच कळतो तो. पापलेट पसरट, बांगडा लांब, कोळंबी वाकडी आणि कुर्लीचे पाय बाहेर. बाकी सगळं तुमची हौस."

बावीस वर्षांत मिलच्या साहेबाने कधी एवढं नेमकं सांगितलं नव्हतं. मी सगळं खोडलं. खवले गेले, मिशा गेल्या, डोळेसुद्धा गेले. उरल्या नुसत्या आकृत्या, आणि शेजाऱ्याला चिकटू नये म्हणून प्रत्येकीच्या कडेने एका घराचं अंतर. शनिवारी या वेळी मीच घरं भरून कागद नीलाला दिले. भरलेलं घर म्हणजे उजेड, कोरं घर म्हणजे काळोख, असा तिचा हिशेब. रविवारी सकाळी तिने शेवटचा आकडा टाइप केला, तोवर साहेब जिना चढून दारात.

टीव्ही लागला, आणि नीलाने माझा दंड घट्ट धरला.

सगळं उलटं! पांढऱ्या लखलखीत वड्या, आणि त्यांच्या पोटात काळे मासे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मिलमध्ये भरजरी कापड पालथं विणत, म्हणून कागदावर आम्ही नक्षी कोरी सोडायचो आणि जमीन, म्हणजे नक्षीभोवतीची जागा, भरायचो. हाताने बावीस वर्षांची सवय इमानदारीने पाळली होती.

"काका, हे काय केलंत?" ती पुटपुटली.

बदलायला वेळ नव्हता. दार सताड उघडं, बाहेरचं ऊन थेट काचेवर. वड्या पडत होत्या तेवढ्यात काचेच्या काळ्या भागात साहेबांचा चेहरा, चष्म्यासकट, आरशासारखा दिसायला लागला. ठरल्याप्रमाणे काळ्यावर नुसते उजळ मासे असते तर साहेबांच्या मिशीतच बुडाले असते! पण वड्या पांढऱ्या होत्या. ऊन त्यांचं काहीच बिघडवू शकलं नाही.

साहेबांनी तोंड उघडायच्या आत समोरच्या गॅलरीतून आरोळी आली. द्रौपदीआजी! एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा झोपलेला, मधे चाळीस फूट अंगण.

"गो नीला! ती कुर्ली उजवीकडे घाल! थय दोन आसत!"

नीलाने कुर्ली सरकवली. तीन कुर्ल्या गायब.

"आता बांगडो! बांगडो मधी घाल गो!"

साहेब वळून आजीकडे बघतच राहिले. "यांना कुणी शिकवलं?"

"कोणी कित्याक शिकवूक व्हया?" आजी उखडली. "दिसता ना!"

साहेब खाली सतरंजीवर बसले, ते वनमालाने दोनदा चहा दिला तरी उठेनात. त्यांचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून कंटाळला, वर आला, आणि त्याने साहेबांपेक्षा जास्त कोळंब्या मारल्या.

"हे उलटं करायचं कसं सुचलं हो तुम्हाला?" साहेबांनी मला विचारलं.

"मिलची पद्धत आहे," मी छाती काढून म्हणालो. नीलाने मागून चिमटा काढला. पण खोटं कुठे बोललो होतो?

मशीन नीलाकडेच राहिलं. तेव्हा असे खेळ कॅसेटवर भरून विकत; आमची कॅसेट निघाली तेव्हा तिच्यावर दोन नावं होती: खेळ नीलाचा, नक्षी गुणाजीची. मिलमध्ये बावीस वर्षांत एका काठावरही माझं नाव विणलं गेलं नव्हतं.

आणि त्या रविवारीच दुपारी चाळीची मांजर टीव्हीवर झेपावली. चार जातींचे मासे समोर असताना तिने पंजा मारला तो फक्त बांगड्यावर. पापलेट तिला परवडायचं नाही, हे तिलाही माहीत होतं.