भिंगरीच्या पाठीशी

मी वॉकर बोलतोय. नाक मुरडू नका, म्हाताऱ्यांचा नव्हे, लहान मुलांचा. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात काउंटरला टेकून उभा आहे. अंगावरची माळ्याची धूळ आत्ताच पुसलीय, कोपऱ्यांत राहिलीय ती राहिलीय. थोड्या वेळात मला इथून नेतील. तोवर मनातलं बोलून घेतो, कारण आजवर मला कुणी काही विचारलेलं नाही.

मी जरा उलट्या खोपडीचा आहे. बाकीचे वॉकर माणसाच्या पुढे चालतात, मी मागे चालतो. माझी दांडी मुलाच्या पाठीमागून येते, मुठी दोन्ही बाजूंना आणि समोर सगळं मोकळं. पुढे ओणवायला काही नसलं की मूल ताठ उभं राहतं. फार हुशारीची रचना आहे. फक्त त्यात मला मुलाचा चेहरा दिसत नाही. माझ्या वाट्याला येते ती पाठ.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. ज्या कारागिराने माझ्या नळ्या वाकवल्या, त्याने मला पुढे ढकललं, मी गेलो. मागे ओढलं, मी गेलो नाही. माझ्या मागच्या चाकांत एकेक छोटी खिटी आहे, ती चाकाला उलटं फिरू देत नाही. मूल मागे कललं तरी मी जागचा हलत नाही. "झाला पास," असं म्हणून त्याने पुढचा वॉकर उचलला. माझं बारसं, कौतुक, सगळं तेवढ्यात आटपलं.

मग मी फिजिओथेरपीच्या केंद्रात आलो. तिथे गाद्या होत्या, मुलांपेक्षा मोठे चेंडू होते आणि एक लाकडी जिना होता. तीन पायऱ्या चढायच्या, तीन उतरायच्या, पोचायचं कुठेच नाही! व्यायाम घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंचा आवाज खणखणीत आणि हात मऊ.

एके दिवशी पाच वर्षांची भिंगरी आली, आईच्या कडेवर, बरोबर बाप. पोटात असताना इतकी फिरायची की बापाने तेव्हाच हे नाव ठेवलं होतं. बाप किल्ल्या बनवायचा, आई पडदे शिवायची. ताईंनी पोरीला उभं धरलं तर तिच्या टाचा वर उचललेल्या आणि पाय एकमेकांवर चढलेले.

"माझ्या कात्रीसारखे होतात बघा," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ताई म्हणाल्या, "याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पाय चांगले आहेत हो तिचे. मेंदूकडून पायांना निरोप जातो ना, तो वाटेत गडबडतो. म्हणून पाय आखडतात, तोल जातो. तो तोल आपण शिकवायचा. थोडा थोडा, रोज."

"किती दिवसांत चालेल?" बापाने विचारलं.

"दिवस विचारू नका, दादा. पावलं विचारा."

आणि त्यांनी मला भिंगरीबरोबर घरी पाठवलं. "हा केंद्राचा आहे. ती याच्यापेक्षा उंच झाली की परत आणायचा," हे मात्र बजावून सांगितलं.

घर दुकानाला लागूनच. स्वयंपाकघरापासून दुकानाच्या काउंटरपर्यंत बावीस फरशा. काउंटरवर गिऱ्हाइकाने वाजवायची पितळी घंटी. भिंगरीला ती स्वतः चालत जाऊन वाजवायची होती. उचलून नेऊन वाजवलेली चालणार नाही, हे तिनेच ठरवलेलं. हट्ट म्हणजे हट्ट!

सकाळी आई तिचे पाय ताणायची, पोटऱ्या सैल करायची, पाय सरळ धरणारे स्प्लिंट बांधायची. मग मोठ्या चेंडूवर बसवून डावीकडे झुकवायची, उजवीकडे झुकवायची. ते झालं की माझी पाळी. पहिल्या दिवशी दोन फरशा. पंधरवड्याने पाच. मला दिसायची तिची मान, दोन वेण्या आणि घामाने भिजलेला फ्रॉक. पुढून आई म्हणायची, "हसतेय बघा कशी!" मी कुठून बघणार?

आता बापाची गोष्ट सांगतो. माणूस वाईट नव्हता, पण हाताला स्वस्थता नव्हती. अडकलेलं सोडवायचं हा त्याचा धंदा आणि तोच त्याचा अभिमान. एके दुपारी त्याने मला मागे ओढून पाहिलं. चाक फिरेना.

"अगं, हा जाम झालाय! पोरीला ओढायला जड जात असणार," तो बायकोला म्हणाला.

"अहो, ताईंना विचारा आधी."

"चाकातलं मला कळत नाही, ते ताईंना कळतं?"

झालं. पाना आला, पेचकस आला. दहा मिनिटांत त्याने माझ्या दोन्ही खिट्या काढल्या, एका डबीत टाकल्या आणि चाकांत तेल सोडलं. मी पुढे मागे कसा सुळकन जायला लागलो. त्याला कोण आनंद! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

संध्याकाळी भिंगरी सातव्या फरशीवर दम खायला थांबली आणि सवयीने मागे टेकली. मी धरायला हवं होतं. मी घरंगळलो. ती मागच्या मागे पडली, डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तीन टाके पडले.

त्यानंतर ती माझ्याजवळ येईना. मला पाहिलं की आईच्या पदरात तोंड खुपसायची. दोन महिने मी कोपऱ्यात उभा होतो. माणसांना रिकामी दांडी दिसली की त्यावर काहीतरी वाळत घालायचा मोह होतोच. माझ्यावर ओले टॉवेल आले, मग मोजे, मग छत्री. मी निमूट सगळं घेतलं. आपलीच चूक असल्यासारखं वाटतं हो, आपली नसली तरी.

शेवटी ताई घरी आल्या. टॉवेल बाजूला करून त्यांनी मला मागे ओढलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"खिट्या कोणी काढल्या?"

आईने बापाकडे पाहिलं. मग बाप म्हणाला, "मी. मला वाटलं, अडकलाय."

"दादा, ते अडकणं मुद्दाम असतं. तिला टेकायला."

बापाने डबी आणली. आयुष्यभर कुलपं जोडलेला माणूस, पण त्या दोन खिट्या त्याने तीनदा काढून पुन्हा बसवल्या. मग तो स्वतः माझ्यावर मागे रेलला आणि पोरीला म्हणाला, "बघ, मी एवढा जाडा, तरी हा हलत नाही." भिंगरी तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ आली. तिच्या डोक्यावर टाक्यांच्या जागी केस उगवले नव्हते. तो बोटभर डाग रोज माझ्या अगदी समोर असायचा.

आठ महिन्यांनी ती बाविसाव्या फरशीवर पोचली. बाप खाली मान घालून किल्ली घासत होता. घंटी वाजली.

"थांबा, देतो," तो म्हणाला.

घंटी परत वाजली. त्याने वर पाहिलं आणि कानस त्याच्या हातातून खाली पडली. त्या वेळी मी चेहरा पाहिला तो बापाचा. तिचा कसा होता, देव जाणे.

मुलं वाढतात. माझ्या मुठी शेवटच्या भोकापर्यंत वर सरकवून झाल्या आणि एक दिवस ताईंनी तिच्या हातात कोपराच्या कुबड्या दिल्या. मला म्हणाल्या नाहीत काही, बापाला म्हणाल्या, "वॉकर आणून द्या. चार वर्षांचा एक मुलगा वाट बघतोय. त्याची आई त्याला कडेवर घेऊन दोन जिने चढते."

"आणतो की," बाप म्हणाला. आणि मला माळ्यावर टाकलं.

अकरा महिने. एका बाजूला जुनी गादी, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला पंखा. दोघेही मुके. खालून कुबड्यांची टकटक ऐकू यायची. टकटक थांबली की माझा जीव टांगणीला लागायचा, आता तिच्या मागे कोण? ताईंचा फोन आला की बाप म्हणायचा, "विसरलोच बघा," नाहीतर "एक चाक मोडलंय, नीट करून देतो." माझं काही मोडलेलं नव्हतं. मला तो प्रेमानेच ठेवत होता, हे कळत होतं. पण प्रेमाने ठेवलं म्हणून एकटेपणा कमी होत नाही.

आज सकाळी पुन्हा फोन आला, पुन्हा तीच थाप. पण या वेळी भिंगरी दारात उभी होती.

"बाबा, वॉकर मोडलाय?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग खोटं का सांगतोस?"

"तू पुन्हा पडलीस तर, बाळा? घरात असू दे तो."

"पडले तर उठेन. ताईंनी पडायलासुद्धा शिकवलंय मला. त्या मुलाने काय धरायचं? तुझं पोट?"

आई आतून खुदकन हसली. बाप हसला नाही. त्याने स्टूल ओढलं, मला खाली काढलं, पुसलं आणि दोन्ही खिट्या बोटाने तपासल्या. दोनदा. मग मला इथे आणून ठेवलं.

तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढं ऐका. आठवण म्हणून ठेवू नका. आठवण तुमच्याजवळ तशीही राहील. त्याच्या मापाचं मूल कुठेतरी कडेवर बसलेलं असेल, त्याच्याकडे पाठवा.

थांबा. कुबड्यांचा आवाज येतोय. ती निरोप द्यायला निघालीय, स्वयंपाकघरापासून, बावीस फरशा. आणि मी या टोकाला आहे, म्हणजे ती माझ्याकडे तोंड करून येतेय! अहो, चालताना ही जीभ बाहेर काढते, डाव्या कोपऱ्यातून. पुढचा एक दात पडलाय. कपाळावर आठी आणि डोळ्यांत हसू. इतकी वर्षं मी हिच्याबरोबर चाललो आणि यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

ती माझ्यापाशी येऊन थांबली. एक कुबडी काउंटरला टेकवून तिने माझ्या दांडीवर हात ठेवला.

"त्याला मागे पडू देऊ नकोस हं," ती म्हणाली.

मग कुबडी घेऊन वळली आणि निघाली. तो बोटभर डाग पुन्हा माझ्यासमोर आला. बाप तिच्या मागे जायला एक पाऊल पुढे झाला, थांबला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.