सातवा ट्रक

मी एक जुनं पुस्तक आहे. मित्रांनो, कागदोपत्री विचाराल तर मी आता नाहीच. १९९८ सालच्या फेब्रुवारीत मला चुलीत घालून जाळल्याची नोंद आहे. नोंदीखाली सही आहे, सहीशेजारी शिक्का आहे. असू दे. शिक्क्याला काय कळतं! पाठ उसवली, कोपरे कुरतडले गेले, तरी मी ठणठणीत आहे.

माझा जन्म कोल्हापुरातला, राजारामपुरीतल्या एका लहानशा छापखान्यातला. नाव 'मोजा गाड्या'. पानापानावर गाड्यांची चित्रं आणि खाली गाणं.

एक एसटी लाल लाल, चढावरती कासवचाल.
दोन रिक्षा निघाल्या जोडीनं, वाट अडवली बैलगाडीनं.

असं करत करत दहापर्यंत. सातव्या पानावर होतं, 'सात ट्रक निघाले घाटात, हॉर्न वाजवत मोठ्या थाटात.' गाणं झकास होतं, पण चित्रकार घाईत होता. त्यानं ट्रक काढले सहा. गाणं लिहिणाऱ्या गुरुजींनी यमकं तपासली, मालकांनी रंग तपासले, ट्रक मात्र कोणीच मोजले नाहीत. मोजायला शिकवणारं पुस्तक, आणि जन्मजात खोट मोजण्यातच! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी आणि माझा जुळा भाऊ, म्हणजे दुसरी प्रत, असे दोघं कोडोलीजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत आलो. तिथल्या सेविका दानेश्वरीबाईंची रीत ठरलेली होती. आलेल्या वस्तूंतली एक दाखवायला ठेवायची, एक वापरायला काढायची. भाऊ लोखंडी ट्रंकेत गेला आणि मी पोरांच्या तावडीत सापडलो. चार दिवसांत माझ्या कोपऱ्यावर दात उमटले आणि पाचव्या पानाला खिचडीची हळद लागली. तेव्हा मला भावाचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

त्या पोरांत शिवलीला नावाची पाच वर्षांची मुलगी होती. प्रत्येक गाडीवर बोट टेकल्याशिवाय ती पुढं सरकायची नाही. सातव्या पानावर तिचं बोट अडलं.

"बाई, एक ट्रक कुटं गेला?"

"आगं, सात म्हणून छापलंय की. नीट मोज."

"नीटच मोजतोय की! सहाच हाईत."

"मग पुस्तक काय खोटं बोलतंय व्हय?"

पोरं फिदीफिदी हसली. तीन-चार दिवस हेच चाललं. शेवटी शिवलीलानं मोजणंच सोडलं. सातवं पान आलं की ती हात पाठीमागं न्यायची. मित्रांनो, मला फाटल्याचं कधी दुःख झालं नाही, पण त्या दिवसांत माझीच मला लाज वाटली. खरं बोलणारी पोर खोटी ठरत होती, आणि ठरवणारा मी होतो.

एके दुपारी मला फळीवर ठेवता ठेवता बाई थांबल्या. त्यांनी सातवं पान उघडलं आणि बोट टेकून मोजलं. पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांसमोर त्या म्हणाल्या, "शिवलीलाचं बरोबर हाय. माझं चुकलं. पुस्तकाचंबी चुकलंय."

मग बाईंनी नबीलालचाचांना बोलावलं. त्यांची नात सलमा अंगणवाडीतच होती आणि ते रस्त्याकडेला बसून ट्रकांच्या पाट्या रंगवायचे. चाचांनी लाल रंगाचा डबा उघडला आणि माझ्या सातव्या पानावर, घाटाच्या वळणावर, एक टुमदार ट्रक रंगवला. त्याच्या पुढं लिंबू-मिरचीसुद्धा टांगली.

"सहा गाड्या छापखान्याच्या, सातवी आपल्या वस्तीची," ते म्हणाले. "आत्ता मोज गं पोरी."

शिवलीलानं मोजलं आणि "सात!" अशी ओरडली की बाहेरची कोंबडी उडाली. रंग ओला असल्यानं पुढचं पान चिकटलं आणि सोडवताना टरकन फाटलं. फाटू दे. मी त्या दिवसापासून खरं बोलू लागलो.

फेब्रुवारीत तपासणीला मोठ्या बाई आल्या. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सरकारी पुस्तकाला हा रंग कोणी फासला? फाटलंयसुद्धा. जाळून टाका." कार्बन घालून तीन प्रतींत त्यांनी तशी नोंद केली आणि शिक्का मारला. मग ट्रंकेतून माझा कोराकरकरीत भाऊ बाहेर निघाला. "पुस्तक असं ठेवावं," म्हणत त्यांनी तो पोरांसमोर धरला. सातव्या पानावर विचारलं, "किती ट्रक?"

"सहा!" सगळी वस्ती दणाणली.

"सात. यांना मोजताही येत नाही?" मोठ्या बाईंनी शेरा लिहायला पेन उचललं. तो शेरा पडला असता तर दानेश्वरीबाईंची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

"मॅडम, एकडाव मोजून बघा," दानेश्वरीबाई म्हणाल्या.

"मला मोजायला शिकवता?"

तेवढ्यात शिवलीला उठली. तिनं मोठ्या बाईंचं बोट धरलं आणि एकेका ट्रकावर टेकवलं. सहाव्यावर बोट थांबलं. मोठ्या बाईंनी स्वतः पुन्हा एकदा मोजलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"शेरा लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक प्रत जाळायची नोंद झालीय, ती आता खोडता येणार नाही." आणि त्या एसटी गाठायला निघून गेल्या.

आम्ही दोघं भाऊ चुलीशेजारी पडलो होतो. मला जळताना बघवणार नाही म्हणून दानेश्वरीबाईंनी तोंड फिरवलं. खिचडी शिजवणाऱ्या धोंडुबाईंनी मात्र जराही न अडखळता कोरी प्रत उचलली आणि चुलीत सारली.

"अवो धोंडुबाई, ते नवं हुतं की!"

"एक जाळायचं हुतं, जाळलं. खोटं मोजतंय त्ये गेलं, खरं मोजतंय त्ये ऱ्हायलं. माझं काय चुकलं?"

मी वाचलो, पण भावासाठी आतडं तुटलं. खोट दोघांत एकच होती. त्याच्या पानावरही एक ट्रक रंगवला असता. पण तो ट्रंकेतच पडून राहिला, आणि त्याच्यावर पोरांचं बोट कधी टेकलंच नाही.

त्यानंतर दहा वर्षं मी पोरांच्या हातात आहे. अंगणवाडीच्या दप्तरी जळालो तो मी, आणि भावाच्या नावावरची 'सुस्थितीतील प्रत' म्हणून मिरवतो तोही मीच, ते ऐकून हसू येतं.

जुनी पुस्तकं शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा. मी हात जोडणार नाही. मला ट्रंकेत घालू नका. हाताळा, फाटलो तर खळ लावून चिकटवा आणि पुन्हा हाताळा. आणि मित्रांनो, छापलंय म्हणून माना डोलावू नका. बोट टेकून मोजा. पुस्तक सात म्हणो, शिक्केवाले सात म्हणोत. तुमच्या बोटाखाली सहा भरले, तर मोठ्यानं सहाच म्हणा.