खालच्या बटणाचा मान

खारूताई सगळ्यांची आहे, म्हणजे कुणाचीच नाही. ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम जगभरचे लोक फुकट लिहितात, फुकट वाटतात आणि फुकटच भांडतात. भांडणात मुंबईचा वाटा मोठा, कारण सातव्या आवृत्तीसाठी वेबसाइटवरचं डाऊनलोडचं पान बनवायचं काम आमच्या गळ्यात पडलं होतं. आम्ही तिघं. मी सुलक्षणा, चारकोपला कॉम्प्युटरचे क्लास घेते, आणि पानाची प्रमुखही मीच. दुसरा नाहूरचा निलेश. तिसरी सेराफिना, जिच्या गावठाणातल्या घराच्या ओट्यावर आम्ही शनिवारी सकाळी जमलो होतो.

खारूताई तीन रूपांत मिळते. सगळं असलेली मोठी, ती निलेश सांभाळतो. शाळेसाठीची सेराफिनाकडे, ती स्वतः शिक्षिका आहे. आणि जुन्या मशीनसाठीची माझी, जिला कुत्रं विचारत नाही. मागच्या वेळी पहिल्या दिवशी ती एकोणीस जणांनी उतरवून घेतली, त्यातले चार मीच. यंदा मुख्य गटाचं फर्मान निघालं होतं: पहिल्या दिवशी पन्नास झाले नाहीत, तर जुन्या मशीनची खारूताई कायमची बंद. तीन वर्षं माझे सगळे रविवार तिच्यापायी गेलेत. मला पन्नास माणसं हवीच होती.

म्हणजे माझं बटण पानावर सगळ्यात वर हवं. पण प्रमुखानेच हे कसं म्हणायचं? निलेशला कसली आलीय भीड!

"मोठी वर. सगळे तीच घेतात ना."

"शाळेची वर," सेराफिना म्हणाली. "आधी मुलं, मग तुम्ही घोडे."

"सेरा, हा मानाचा प्रश्न आहे." निलेशचा चेहरा गंभीर. "आमच्या गावी पालखी आधी कुणाच्या दारात, यावरून दोन वाड्या सात वर्षं बोलत नव्हत्या."

"मग मिटलं कसं?"

"पाळी लावली. एक वर्ष ह्यांचं, एक वर्ष त्यांचं."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्ध्या तासात निलेशने लिहूनच टाकलं: पान उघडलं की दर वेळी बटणांचा क्रम बदलणार. ज्याची पाळी तो वर! आम्ही वेड्यासारखे पान उघडत सुटलो. "मी वर!" "आता मी!" "चल हट, मी!" या नादात सेराफिनाने कढईत तळायला सोडलेले फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे गोळे, करपून कोळसा झाले, ते आम्ही तसेच खाल्ले.

मग म्हटलं, कुणाकडून तरी तपासून घेऊ. मुलुंडच्या मधुकरकाकांना चाचणीच्या पानाची लिंक धाडली आणि फोन लावला. काकांचा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला. आता ते आपल्यासारख्या निवृत्त मंडळींचा फोनवर ग्रुप चालवतात. त्यांचा कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा आहे.

"काका, वरून दुसरं बटण दाबा," माझ्या स्क्रीनवर माझं बटण कुठे आहे ते बघून मी सांगितलं.

"दाबलं. शाळेचं आलं. मी परत शाळेत जाऊ का गं?"

"नको नको. पान पुन्हा उघडा."

"उघडलं. अगं, बटणं फिरली!"

"मग आता तिसरं."

"तिसरं मोठं आहे. परत उघडू? सुलू, ही सोरट आहे का गं?"

काकांना इतकी मजा आली की त्यांनी पान ग्रुपवर टाकलं. थोड्याच वेळात तीस म्हातारे सोरट खेळत होते. "मधलं दाब, मधलं!" असं एकमेकांना फोनवर ओरडून सांगत होते, आणि प्रत्येकाचं मधलं वेगळं. घाटकोपरच्या एकाने मोठी खारूताई उतरवली आणि त्याचं मशीन जागच्या जागी बसलं. निलेश हसता हसता ओट्यावरून घसरला. मीही हसत होते, आणि हसता हसताच माझं डोकं सणकलं. अरे, हेच तर माझे लोक होते! जुनी मशीनं यांचीच, आणि यांनाच माझं बटण सापडत नव्हतं.

"बस्स! मान गेला चुलीत," मी ओरडले. "क्रम कायमचा. निलेश वर, सेरा मध्ये, मी खाली."

"तळाला? तिथपर्यंत कोण येतं गं?" सेराफिनाने विचारलं.

"कुणी नाही. पण प्रमुख होती म्हणून स्वतःला वर बसवलं, असं कुणी म्हणायला नको."

बोलताना मी मलाच फार थोर वाटले. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला खरं पान सगळ्यांसाठी खुलं झालं. एक वाजला तेव्हा माझ्या खात्यात दोन जण होते, त्यातली एक मी. वाट लागली, म्हणून मी कॉम्प्युटर बंदच करणार होते, तेवढ्यात काकांचा फोन.

"सुलू, सगळ्यात खालचं तुझंच ना?"

"हो, काका."

"झकास केलंस बघ! ग्रुपवर सांगून टाकलं, पान खाली ओढत राहा. आणखी ओढता येईना, की जे बटण दिसेल ते दाबा. वरून कितवं, ही भानगडच नको."

तीसच्या तीस आले! मग त्यांनी आपापल्या व्याह्यांना, मेहुण्यांना, वाचनालयातल्या सोबत्यांना फोन लावले. फोनवर सांगायला इतकं सोपं दुसरं बटणच नव्हतं. चार वाजता सत्तेचाळीस. मी नखं खाऊन संपवली. सव्वाचारला त्रेपन्न! मी आईला धरून गरागरा फिरवलं. तिला वाटलं, माझं लग्न ठरलं. संध्याकाळी आकडा दोनशेवर गेला आणि निलेशचा फोन आला, सेराफिनालाही त्याने त्यातच घेतलं होतं.

"सुलू, ऐक ना. पाळी म्हणजे पाळी. पुढच्या वेळी खालचा मान माझा."

"ए, आधी माझा!" सेराफिना किंचाळली. "मी मध्येच अडकलेय!"

"गप्प रांगेत उभे राहा, माझ्या मागे," मी ऐटीत म्हणाले आणि लगेच जीभ चावली. पानावर माझ्या मागे म्हणजे माझ्याही खाली!

"पुढे! पुढे उभे राहा रे!" मी बोंबलले. पण फोनवर ते दोघं तोवर "आधी मी, आधी मी" करत माझ्या मागे रांग लावून मोकळे झाले होते.