तिसरीची डावी बाजू

टाचणी वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. हल्ली कशातच दम राहिलेला नाही, असं पुटपुटत मी आणखी एक जपून, सरळ टोचली. पुतळ्यावर चढवलेला गिऱ्हाइकाचा कोट, त्याच्या आत नुसता कापूस. टाचणी अलगद जायला हवी होती. गेली नाही.

आमच्या शिवणाच्या दुकानात आम्ही दोघी बहिणी आणि हा पुतळा. ताई त्याला 'तिसरी' म्हणायची. मूळचा तो अगदीच काडीपहिलवान; ताईनं त्यावर कापसाचे थर चढवून, वर पांढरी खोळ शिवून, हुबेहूब स्वतःचं अंग केलं होतं. मला बसलं ते कुणालाही बसतं, म्हणायची.

तेव्हा ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिसरी मात्र होती तिथंच, खिडकीजवळ, रस्त्याकडे पाठ करून. तोच उतरता खांदा, तीच पोटाची वळकटी. एखादी जुनी गिऱ्हाईक बाहेर थबकायची, 'ताई, बऱ्या झालात वाटतं,' असं त्या पाठीशी बोलायची आणि आत मला बघून गप्प व्हायची. तिला तरी काय हसायचं? सकाळी दार उघडलं की मीसुद्धा आधी तिलाच 'आले गं' म्हणत होते.

ताईचं कळलं तेव्हा छातीतली गाठ काखेपर्यंत पोचली होती. वर्षभर आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती, डॉक्टर म्हणाले. ताई म्हणाली, परवापरवाच हाताला लागलं. आम्ही विश्वास ठेवला. ताई आणि खोटं? गिऱ्हाइकानं श्वास आत ओढून कंबर चोरली तर ती टेप धरून शांत उभी राहायची. कधीतरी सोडालच, म्हणायची.

तेव्हापासून आमची एक गिऱ्हाईक, दवाखान्यातली नर्सबाई, माझ्या मागे लागली होती. सख्ख्या बहिणीला झालं, तू तपासून घे. मी आज घाईचं काम, उद्या मशीन बिघडलंय, असं टोलवत होते. खरं म्हणजे घाबरले होते.

टाचणी कशाला अडली ते बघायला मी तिसरीच्या अंगावरचा कोट उतरवला आणि तिच्यावरून हात फिरवला. डाव्या छातीच्या कडेला, काखेखाली, बोटांना टणक लागलं. कोटाच्या बटणाएवढं. उजवीकडे चाचपलं, तिथं मऊ होतं.

खोळ उसवली. शिवण ताईची, एकेक टाका जपून सोडवला. कापसात दोऱ्यानं गच्च आवळलेली चिंधीची गाठ होती. चुकून राहिलेली नव्हती. चारी बाजूंनी टाके घालून ती जागच्या जागी बसवली होती.

मग ती दुपार आठवली. दुखणं कळायच्या वर्षभर आधीची. माझं वजन वाढलंय, तिसरीलाही नव्यानं भरते, म्हणून ताईनं पडदा ओढून घेतला होता. मी दोरा मागायला डोकावले. तिचा एक हात स्वतःच्या ब्लाउजमध्ये, दुसरा तिसरीच्या अंगावर, आणि डोळे मिटलेले.

"माप घेतेस की मंतर टाकतेस?" मी हसून विचारलं.

"आहे तसं घ्यावं लागतं गं," डोळे न उघडता ती म्हणाली. "कामात खोटं चालत नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. दुखत नाही ते दुखणं कसलं, हे तिचं नेहमीचंच. दात किडला तरी तेच ऐकवायची. डॉक्टरला नाही, मला नाही, या कापसाला सांगितलं तिनं. इतका संताप आला की कात्री टेबलावर आपटली. अगं, मी काय मेले होते का, म्हणून ओरडले. दुकानात कुणी नव्हतं. तिसरीची उसवलेली बाजू तेवढी सावकाश खाली बसली, धरून ठेवलेला श्वास कुणी सोडावा तशी.

मला काय झालं कोण जाणे. मी पडदा ओढला. एक हात त्या गाठीवर ठेवला, डोळे मिटले आणि दुसरा ब्लाउजमध्ये घातला. काय शोधायचं ते आता बोटांना कळत होतं. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे, वरच्या अंगाला, बोटं थांबली. शर्टाच्या बटणाएवढं.

दुकान बंद करून तशीच नर्सबाईकडे गेले.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "म्हणूनच आले."

वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी ढसाढसा रडले. माझ्यासाठी नाही, हेच वाक्य ताईलाही ऐकायला मिळालं असतं म्हणून. गाठ काढली, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. दुकान उघडलं.

तिसरीची शिवण मी परत घातली, गाठ आत ठेवूनच. मापाला आलेल्या प्रत्येक बाईला आधी तिच्यापाशी नेते आणि तिची बोटं धरून तिथं ठेवते. हे ओळखून ठेव, म्हणते. बायका दचकून हात मागे घेतात, मग स्वतःहून पुन्हा ठेवतात.

खोळ ताई दरवर्षी स्वतःच बदलायची. यंदा मी बदलली नाही. सगळीकडे ती अजून पांढरी आहे. डाव्या बाजूला, काखेखाली, तेवढी बायकांच्या हातांनी मळली आहे.