रोजामायची लदीन

१९६२च्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत जमणार आणि जग बुडणार, म्हणून वेंगुर्ल्यात होमहवनांचा धूर मावेना. तो धूर फादर लिगोरींना चालला असता. पण त्यांच्या चर्चची माणसंही, ग्रहांवर काडीचा विश्वास नसताना, "आमच्याय शास्त्रात शेवटचो दिस आसाच मां!" म्हणत रोज दारात. कुणी फाटकी जाळी तशीच टाकली, कुणी बियाण्याचं भात कांडून खाल्लं. फादर अगदी कावले.

"अरे, बायबलातल्या शेवटच्या पुस्तकातले ते पशू, ते कर्णे म्हणजे पंचांग नव्हे! छळ सोसणाऱ्यांना धीर द्यायला लिहिलंय ते," पुण्याच्या सेमिनरीत शिकलेलं ते जीव तोडून सांगत. पालथ्या घड्यावर पाणी!

एकच घर या भीतीनं सुधारलं. रोजामायचे मुलगे इनास आणि पासकू वाटणीवरून भांडून अंगणात दगडी गडगा घालून बसले होते. अंगणातला खुरीस इनासकडे गेला, आई पासकूकडे. त्या क्रुसापुढे दरवर्षी सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, घरची लदीन, तेव्हापासून बंदच पडली. आता मात्र दोघंही मान खाली घालून आले. "फादर, आयतवारी सांजेक लदीन करूया. सकाळी मिसा झाली काय गडगो काढतंव." भांडलेल्या तोंडानं देवापुढे उभं राहायची दोघांनाही धास्ती.

त्याच आयतवारी सकाळी मिसेच्या उपासनेत फादरांनी वेदीवरून सगळा राग काढला. "जग बुडणार नाही! उद्या सोमवार आहे, आपापल्या कामाला लागा!" लोक हसले, मोकळे झाले. अखेर घोडं गंगेत न्हालं, असं फादरांना वाटलं.

सांजेला ते रोजामायकडे पोचले, तर गडगा जागच्या जागी. खुरसापुढे साधी मेणबत्ती नाही.

"तुमीच सांगलास मां, जग बुडूचा नाय म्हणान," इनास पलीकडून म्हणाला. "मगे घाई कित्याक? आधी तेका माफी मागांदे."

"माजी चप्पल मागतली!" पासकू इकडून ओरडला.

फादरांनी कपाळावर हात मारून घेतला. रोजामाय दारातल्या खाटेवर पडून होती. पावसाळ्यापासून ती उठलीच नव्हती.

"फादर, जग बुडूचा नाय, ता माका म्हायत होता," ती म्हणाली. "पण मी जातंय मां? माजो दिस इलो, ता तरी ह्येंका सांगूचा होतास."

फादरांना स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता. झग्याच्या बाह्या वर सारून त्यांनी गडग्याचा वरचा दगड उचलला.

"फादर, तुमी कित्याक?" इनास धावला.

"तुमची आई मरतेय म्हणून!" फादर खेकसले. "त्याला आठ ग्रह लागत नाहीत!"

दोघं भाऊही दगड काढू लागले. माफी मात्र कुणीच मागितली नाही.