बसवला नाही, ठेवलाय

भावोजींनी रेडिओ आणला तेव्हाच मी घाबरलो. आणि मी सहसा घाबरत नाही, मी इतरांना घाबरवतो.

मी विमानतळाच्या शेडमध्ये रेडिओ बसवतो. चार सीटांची, जुनी, खोकत उडणारी विमानं. भावोजींचं त्यातलंच एक. कारखान्यात बनलेलं, सरकारी प्रमाणपत्र मिळालेलं. अशा विमानात मान्यता नसलेला स्क्रूसुद्धा चालत नाही. नवा रेडिओ म्हणजे मान्यतेचा शिक्का बघा, वजन पुन्हा मांडा, होकायंत्र पुन्हा जुळवा, मग माझी सही. भावोजींनी आणलेला डबा होता घरी विमान जोडणाऱ्या हौशी लोकांसाठी. स्वस्त, रंगीत पडद्याचा, मागे लाडवाएवढा स्पीकर. तो त्यांनी चिकटपट्टीने काचेपाशी, बरोब्बर होकायंत्राखाली चिकटवला होता. वायर विमानाच्या बॅटरीत.

"भावोजी, हे बसवणं झालं. बेकायदा आहे."

"बसवला कुठे? ठेवलाय! हातात धरायच्या रेडिओला परवानगी लागते का?"

"हातात धरा ना मग. हा बॅटरीला जोडलाय. आणि स्पीकरात लोहचुंबक असतो, होकायंत्र झिंगेल."

ताई दारात उभी होती. दोघं विमानाने भावोजींच्या भाचीकडे जेवायला निघाली होती. ती हसली. "गेल्या वेळी चाकात साप आहे म्हणालास. त्याआधी पंखाला उंदीर लागला होता."

पण मला राहवेना. मीही मागच्या सीटवर चढलो.

"फुकट जेवायला येतोय," भावोजी म्हणाले.

उडालो. खाली सगळं धुरकट, दुधात पाणी घातल्यासारखं. जायचं होतं पश्चिमेला, उजवीकडे डोंगराची रांग सोडून. सकाळचं ऊन माझ्या मानेवर होतं. भावोजी होकायंत्राकडे बघून विमान वळवत होते, नव्या रेडिओवर झोकात बोलत होते. थोड्या वेळाने ऊन माझ्या उजव्या कानावर आलं.

पश्चिमेला जाणाऱ्या माणसाच्या उजव्या कानावर सकाळचं ऊन येईल कसं?

मी पुढे वाकलो. "भावोजी, आपण डोंगराकडे चाललोय."

"काटा बघ. पश्चिम."

"काटा खोटं बोलतोय!"

भावोजी मागे न बघता म्हणाले, "मेहुणे, खिसे दाखवा."

झालं ना! होकायंत्राजवळ लोहचुंबक धरून पायलट लोकांना गरागरा फिरवणं हा शेडमधला माझा ठरलेला खेळ. भावोजींनाही दोनदा फसवलेलं. मी खिसे उलटे केले. रुमाल, किल्ल्या, अर्धी गोळी बिस्किटाच्या कागदात. "बघ ताई, नाहीये! तुझी शपथ!"

"बुटात असेल," भावोजी म्हणाले.

मी बूट काढायला लागलो. लेस सुटेना, तसाच ओढून काढला. बाहेर धुरकटपणात एक काळपट पट्टा उमटला, पुसला, पुन्हा उमटला. मला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं फक्त "ताई."

तिने मागे वळून माझं तोंड बघितलं. लहानपणी मी विहिरीत पडलो होतो, तेव्हा वरून बघितलं होतं तसं.

"अहो, हा रेडिओ ठेवलाय ना?"

"हो, का?"

"मग उचलते." तिने चर्रकन पट्टी उपसली, वायर तोडली आणि डबा माझ्या मांडीवर फेकला.

मी तो शेपटीकडे ढकलला. होकायंत्र गरकन फिरलं, डुललं, थांबलं. पश्चिम नव्हती तिथे, उत्तर होती.

भावोजींनी काट्यावरून नजर काढून समोर बघितलं. त्यांनी विमान डावीकडे असं पाडलं की माझा बूट छताला लागला. उजव्या पंखाखालून कडा गेला. त्यावरचं एक वाळकं झाड, त्याची फांदी न् फांदी. ताईने डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

जेवण राहिलं. परत येऊन उतरलो. भावोजींनी डबा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "रीतसर बसवून दे."

"हा कायद्याने बसत नाही, भावोजी. घरी ठेवा. ठेवायला कोणाची हरकत नाही."

एरवी मी यावर खो खो हसलो असतो. पायात अजून एकच बूट होता.

ते गेल्यावर ताई हळूच म्हणाली, "खरं सांग. बुटात नव्हता ना?"

मी ड्रॉवर उघडला. लोहचुंबक तिथेच होता, दोन स्क्रू चिकटलेले. तिने तो उचलला, स्क्रू काढून टेबलावर ठेवले आणि चुंबक पर्समध्ये टाकला.

"हा आता माझ्याकडे."

मी दुसरा बूट आणायला विमानाकडे गेलो.