गोदाच्या पानावरचे कोरे रकाने

साठ इंच लांब, पाऊण इंच रुंद, एका टोकाला पितळेची पत्री आणि दुसऱ्या टोकाची पत्री कधीच गळून पडलेली, अशी शिंप्याच्या गळ्यातली जुनी टेप आहे मी. मित्रांनो, माप घेणे एवढेच माझे काम. तीस वर्षे मी ते चोख केले. तरी एका माणसाच्या बाबतीत चुकले, आणि ते माणूस घरचेच होते.

कारखान्यात माझ्या पिवळ्या अंगावर काळे आकडे छापले गेले. तिथून मी म्हैसूरला, देवराज मार्केटामागच्या सुईदोऱ्याच्या दुकानात आले. शिंपी गुंडूरावांनी तिथल्या बारा टेपा लाकडी फुटपट्टीला लावून पाहिल्या आणि मला निवडले. मी केसभरही चुकत नव्हते. त्यांनी मला गळ्यात घातले, ती मी तिथेच राहिले.

गुंडूरावांचे दुकान म्हैसूरच्याच विजयनगर भागात, घराच्या पुढच्या खोलीत. मशीनच्या वर विठोबाची तसबीर. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड. त्यांचे वडील भुजंगराव हेही शिंपीच. म्हातारपणी ते खिडकीशी काज करत बसायचे. त्यांनी मुलाला एक शिकवण दिली होती. "गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल तोंड उघडायचं नाही. काय कमीजास्त असेल ते कापडात सांभाळून घ्यायचं." कुणाचा एक खांदा उतरलेला असला की गुंडूराव आत कापडाची घडी घालायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यामुळे बायका त्यांच्याकडे निर्धास्त यायच्या. मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

दुकानात मापांची एक वही होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान. खांदा, छाती, कंबर, दंड, बाही असे रकाने. सगळे रकाने भरल्याशिवाय गुंडूराव कापडाला कात्री लावत नसत.

गुंडूरावांच्या पत्नी गोदाबाई जवळच्या बन्नूरहून लग्न होऊन आल्या, तेव्हा मी नवीकोरी होते. पहिला झंपर शिवताना गुंडूरावांनी मला त्यांच्या कमरेभोवती धरले. गुदगुल्या होऊन त्या हसत सुटल्या. तीनदा माप घ्यावे लागले. सव्वीस इंच. पुढे लावण्या झाली. तिच्या बारशाला घेतलेल्या जांभळ्या रेशमी साडीवर गुंडूरावांनी लांब झंपर शिवला आणि शिवणीत दोन्ही बाजूंनी भरपूर कापड आत सोडले. वर्षे गेली तशी ती शिवण उसवून उसवून ते कापड बाहेर काढत राहिले. एक दिवस आतले कापड संपले. झंपर पेटीत गेला.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर लावण्याचा साखरपुडा झाला. लग्न वैशाखात ठरले. साखरपुड्याला वराकडच्या एका बाईंनी गोदाबाईंना चांगल्या मनाने म्हटले, "तुम्ही बसूनच राहा हो, तुम्हाला उठणं जड जातं." त्या हसल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी पेटीतून तो जांभळा झंपर काढला. लेकीच्या लग्नात हाच घालणार, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांची मावसबहीण शांताक्का एक डबी घेऊन आली. डबीवर लहान भोपळ्यासारख्या पिवळ्या फळाचे चित्र होते. शांताक्का म्हणाली की हे उप्पगे, कोडगूकडचे, म्हणजे कुर्गातले लोक आंबटाला घालतात तेच. त्याचा अर्क काढून गोळ्या केल्यात, वजन उतरतं.

गुंडूरावांनी विचारले, "कुणा डॉक्टराला विचारलंस का?"

"फळाला कशाला डॉक्टर, भावजी? उद्या फणस खायला चिठ्ठी आणाल."

सगळे हसले. गुंडूरावही हसले. त्या घरात आमसुलाचे सार आठवड्यातून दोनदा व्हायचे. हे फळ त्याच जातीचे. भातावर वाढायचे ते पोटाला काय करणार, असे त्यांना वाटले. सारात एक-दोन तुकडे पडतात आणि गोळीत कितीतरी फळांचे सत्त्व असते, हा हिशेब कुणी केला नाही.

गोदाबाई एकादशीचा उपवास करायच्या. त्यांनीच ठरवले की दर एकादशीला कमरेचे माप घ्यायचे. "पोट रिकामं असतं, म्हणजे देवाचीही थोडी मदत होईल." वहीत त्यांच्या नावाचे पान काढले. कार्तिकी एकादशीला अडतीस. पुढच्या एकादशीला सव्वासदतीस. मग साडेछत्तीस. पौषात छत्तीस.

मित्रांनो, त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. गोदाबाई मला हातात घेऊन आकडा स्वतः वाचायच्या. दुकानात येणाऱ्या बायकांना गुंडूराव ते पान दाखवायचे. गोदाबाईंचे जेवण निम्म्यावर आले होते, जिना चढताना त्या मध्येच बसायच्या, रात्रंदिवस अंग खाजायचे. पण आकडा उतरत होता. शांताक्का म्हणाली, चरबी बाहेर पडताना असं होतंच.

माघातल्या दुसऱ्या एकादशीला मी सदतीस दाखवले.

गोदाबाईंनी मला सोडून पुन्हा गुंडाळायला लावले. सदतीसच. फाल्गुनातल्या पहिल्या एकादशीला साडेअडतीस. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "तुम्हाला वाटेल मी चोरून खाते." गुंडूराव त्यांना हसवायला म्हणाले, "बन्नूरच्या उसाची आठवण झाली असेल." बन्नूरकडे ऊस फार, आणि माहेरावरून चिडवणे ही त्यांची रोजची गंमत. पण त्या दिवशी गोदाबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या एका गोळीच्या जागी दोन घेऊ लागल्या.

मला इंच कळतात. आत चरबी आहे की पाणी, ते मला कळत नाही.

पुढच्या एकादशीला चाळीस इंच भरले. तरी त्यांनी हट्टाने तो झंपर अंगात घातला. खालचे दोन हूक एकमेकांपासून लांब राहिले. आणि बाह्या, ज्या एके काळी दंडाला घट्ट बसायच्या, त्या पिशवीसारख्या लोंबत होत्या. पोट वाढले होते आणि हात वाळले होते. असे कुणाचे अंग सुटत नाही. तीस वर्षांत हजारो माणसे मापणाऱ्या शिंप्याला हे कळायला हवे होते.

गुंडूरावांनी बाही चिमटीत धरून पाहिली. मला वाटले, आता मला दंडाला लावतील. पण बायको आधीच खचली होती, तिला आणखी काही बोलून दुखवायचे नाही, असा त्यांनी विचार केला. वडिलांची शिकवण हातात मुरलेली होती. ते म्हणाले, "बाह्या जरा आत घेतो, छान बसेल." मशीनवर बसून दोन्ही बाह्या दीड-दीड इंच आत घेतल्या. पंधरा मिनिटांचे काम. टाके अगदी सरळ आले.

पाच दिवसांनी उगादी, म्हणजे आपला पाडवा. लावण्या बेंगळुरूहून आली. सकाळी गोदाबाईंनी दारात उभे राहून तिच्या हातावर कडुलिंब आणि गूळ ठेवला. ऊन त्यांच्या तोंडावर होते.

"आई, तुझे डोळे पिवळे झालेत."

त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेले. मी गुंडूरावांच्या गळ्यातच राहिले, काढायचे त्यांना सुचले नाही. डॉक्टरबाईंनी विचारले की काही औषध घेता का. गोदाबाई नाही म्हणाल्या. गुंडूरावही नाही म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. फळाला ते औषध समजतच नव्हते. मशीनच्या खणात लावण्याला ती डबी सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

डॉक्टरबाईंनी डबी वाचली. अशा अर्काने काही जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली आहे, म्हणाल्या. सगळ्यांना होत नाही, कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, आणि यांना यामुळेच झाले असे छातीठोक सांगणेही कठीण आहे. पण पोटात चरबी नाही, पाणी साठले आहे.

"पोट कधीपासून वाढायला लागलं?"

गुंडूरावांनी तिथी सांगितली. आकडेही सांगितले. सदतीस, साडेअडतीस, चाळीस.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतकं नीट मोजत होता, तर मग महिनाभर आला का नाही?"

गुंडूराव त्याच तिथी पुन्हा बोटांवर मोजू लागले.

पाणी किती चढते ते पाहायला रोज सकाळी पोटाचे माप घ्यायचे होते. नर्सने टेप शोधली, मिळाली नाही, तेव्हा गुंडूरावांनी मला गळ्यातून काढून दिले. अशी मी पुन्हा गोदाबाईंच्या कमरेभोवती गेले. त्वचा ताणून चकचकीत झाली होती. गुदगुल्या होत नव्हत्या. एकेचाळीस. साडेएकेचाळीस. आठव्या सकाळी बेचाळीस.

त्या सकाळी गोदाबाई शुद्धीवर होत्या. त्यांनी हळूच विचारले, "आज किती?"

गुंडूरावांनी माझ्याकडे पाहिले. मापाच्या बाबतीत ते कधी खोटे बोलले नव्हते.

"छत्तीस," ते म्हणाले.

"मग झंपर बसेल."

"बसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

लावण्याचे लग्न आषाढ उलटल्यावर घरच्या घरी झाले. शांताक्का आली होती. ती कोपऱ्यात बसून रडत होती, आणि गुंडूरावांनी तिला दोष दिला नाही. डबी तिने आणली होती, पण माप त्यांनी घेतले होते.

आता माझे आकडे पुसट झालेत. लावण्याने नवी टेप आणून दिली, पण ती खिळ्याला लटकते आहे. गुंडूराव मलाच वापरतात. एक गोष्ट मात्र बदलली. ते आता आधी दंड मोजतात, मग कंबर, आणि वहीतले जुने पान उघडून दोन्ही ताडून पाहतात. काही वेगळे दिसले तर मला बाजूला ठेवतात आणि सरळ सांगतात, "आधी डॉक्टरांना दाखवून या. कपडा नंतर." वनजाबाई नावाचे एक जुने गिऱ्हाईक यावर रागावले, कापड उचलून निघून गेले, ते परत आले नाही. गुंडूरावांना त्याचे वाईट वाटले. पण दुसऱ्या दिवशी आणखी एकीला त्यांनी तेच सांगितले.

त्या जांभळ्या झंपराच्या बाह्यांचे टाके त्यांनी उसवले आहेत. कापडावर भोकांची रेघ राहिली आहे, ती जात नाही.

कधी कधी ते वही काढून गोदाबाईंचे पान उघडतात आणि मला त्यावर ठेवतात, पान वाऱ्याने उलटू नये म्हणून. त्या पानावर कमरेच्या रकान्यात दहा आकडे आहेत. खांदा कोरा. छाती कोरी. बाही कोरी. दंड कोरा. परक्या बायकांची पाने भरलेली आणि हे एकच असे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बारीक होत असेल किंवा जाड होत असेल, तर नुसता आकडा पाहून खूश होऊ नका. त्यांचे डोळे उजेडात पाहा. जेवतात किती, दमतात किती, ते विचारा. कुठलीही गोळी घेत असतील, मग ती फळाची असो की पाल्याची, ती डॉक्टरांना दाखवा आणि काही लपवू नका. वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. दंडाचे माप घ्यायला मला दोन क्षण लागतात. बाही चिमटीत धरली त्या दिवशी मी गुंडूरावांच्या गळ्यातच होते.